गाळाच्या रकान्यातले जीव

आमच्या प्रयोगशाळेत माझं नाव ‘फुंकर’ पडलं आहे. ताकसुद्धा फुंकून पिणारी, म्हणून. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा टेबल पुसायला घरचं फडकं आणलं, प्यायचं पाणी उकळून आणलं, आणि पाळणाघराचा फोन चुकू नये म्हणून मोबाइल मायक्रोस्कोपला टेकवून ठेवायला लागले. नाव पडायला एवढं पुरे झालं. मला त्याचा राग येत नाही. पाणी तपासायच्या जागी काम करून पाणी उकळून पिणारी बाई हसण्यासारखी असेलही, पण तिथेच काम करून न उकळता पिणारे लोक मला जास्त विनोदी वाटतात.

नदी आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला वळते आणि तिथे ऐसपैस पसरते. झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी, मुळं वर आलेली, पाणी तपकिरी आणि जवळजवळ न हलणारं. ही दलदल. तिच्यातून एक कालवा निघून वस्तीच्या तलावाला मिळतो आणि तलावातून नळाला पाणी येतं. म्हणजे यायचं. वरच्या शहराचं सांडपाणी दलदलीत उतरायला लागलं, वस्तीत घरोघरी पोटं बिघडली, आणि कालव्याच्या तोंडाचा लोखंडी दरवाजा बंद झाला. तेव्हापासून वस्ती टँकरवर जगते. दरम्यान वरच्या शहरानं शुद्धीकरण केंद्र बांधलं, फीत कापली, फोटो छापून आणले. आता दरवाजा उघडायचा का, हे आमच्या अहवालावरून ठरणार होतं. दलदलीतले प्राणी मोजायचं काम माझ्याकडे होतं.

प्राणी कशाला मोजायचे, असं सगळेच विचारतात. रसायनांची चाचणी असते की. असते, पण ती ठरलेल्या दिवशी असते, आणि ठरलेल्या दिवशी केंद्र फार सुरेख चालतं. पाहुणे येणार म्हटल्यावर घर कोण आवरत नाही? पाण्यातले बारीक जीव मात्र तिथेच राहतात. ते शेजाऱ्यांसारखे असतात, महिनाभर घरात काय काय चाललं ते त्यांना सगळं ठाऊक. पाणी बरं असेल तर पाणपिसवा दिसतात, टपोऱ्या, काचेसारख्या आरपार, पोटातली अंडीसुद्धा मोजून घ्यावीत. घाण वाढली, पाण्यातला प्राणवायू उतरला, की आधी त्या जातात. मग रोटिफरांचं राज्य. रोटिफर पाणपिसवेच्या कितीतरी पट लहान. डोक्यावर केसांची दोन चक्रं, ती गरगर फिरवायची आणि पाण्यातले जंतू तोंडात ओढायचे, एवढंच त्याचं आयुष्य. तो स्वतः कुणाचं वाईट करत नाही. पण माश्या घोंघावताना दिसल्या की खाली काय पडलंय ते वेगळं विचारावं लागत नाही, तसं.

आमची पद्धत अशी: होडीतून बारीक जाळी ओढायची, जाळीच्या टोकाला जमलेलं पाणी बाटलीत भरायचं, आणि होडीतच त्यात फॉर्मॅलिन टाकायचं. जीव जागच्या जागी मरतात, सडत नाहीत, सवडीनं मोजता येतात. मोजणी मला काकूंनी शिकवली. काकू म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या सहकारी, साहेबांच्याही आधीपासूनच्या. आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो, साहेबसुद्धा. काचेवर आखलेले चौकोन, हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र, आणि कागदावर रकाने: पाणपिसवा, रोटिफर, इतर. शेवटचा रकाना गाळाचा. “गोल, काळपट, पाय नाही, कवच नाही, तो गाळ,” काकू म्हणायच्या. “त्याच्याकडे बघत बसलीस तर म्हातारी होशील.” मी बघत बसले नाही. या अहवालाच्या पहिल्या मोजणीत पाणपिसवा बऱ्या निघाल्या, रोटिफर थोडे, गाळ पुष्कळ. दलदलीत गाळ असणारच. आकडे बघून साहेब खूश होते.

दुसऱ्या खेपेला बाटल्या भरून झाल्या आणि फॉर्मॅलिन काढणार तेवढ्यात, होडीतच, पाळणाघरातून फोन आला. ठमीला ताप आहे. ठमी माझी मुलगी, नुकती धरून धरून चालायला लागलेली. तिथल्या बाई म्हणाल्या, “घाबरू नका, दात येतायत बहुतेक.” घाबरू नका म्हटलं की मी काय करते हे सांगायला नको. बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या, वाटेत प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये कोंबल्या आणि पळाले. फॉर्मॅलिन माझ्या पिशवीतच राहिलं.

ताप दाताचाच होता.

सकाळी फ्रीज उघडला तेव्हा लक्षात आलं. नियमानं ते नमुने फेकायचे. पण फेकायच्या आधी मी एक थेंब काचेवर घेतला. का, ते सांगता येणार नाही. फेकायच्या आधी डब्यातली भाजीसुद्धा मी एकदा उघडून बघते.

काचेवर गाळ होता, गोल, काळपट. मी बघत असताना थेंब जरा कोमट झाला आणि गाळानं अंग ताणलं. एक गोळा लांब झाला, लांबतच गेला, शेपटीनं काचेला चिकटला, पुढचं टोक टेकवून मागचं जवळ ओढलं, जळवेसारखा चालायला लागला. मग थांबला आणि डोकं उघडलं. दोन चक्रं, गरगर. शेजारचा गोळा उलगडला. त्याच्या शेजारचा. एकेका चौकोनात एवढे, की चौकोनाच्या रेघा दिसेनात. पाणपिसू शोधून शोधून एक सापडली, तीही केविलवाणी.

मी काकूंना हाक मारली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“नमुना खराब झालाय,” त्या म्हणाल्या. “फॉर्मॅलिन नाही घातलंस तू.”

“नाही घातलं. म्हणून तर चालतायत.”

“अगं, फ्रीजमध्ये काहीही वाढतं.”

“एका रात्रीत, एवढ्या थंडीत? काकू, हा आपला गाळ आहे. आपण मोजतो ते रोटिफर कवचवाले, यांच्या अंगावर कवच नाही ना. फॉर्मॅलिन लागलं की आक्रसतात आणि गोळा होतो.”

“मला शिकवतेस?”

काकू खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला, मग ड्रॉपर घेऊन काचेच्या कडेला फॉर्मॅलिनचा बारकासा थेंब सोडला आणि डोळा लावला. मला काही दिसत नव्हतं, फक्त त्यांचा हात दिसत होता, मायक्रोस्कोपच्या बारीक फिरकीवर ठेवलेला. तो हात थांबला.

“झाला गोळा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “दुसरा पण.” आणि मग, “माझा डबा दे गं तिकडचा, मला भूक लागलीय.” सकाळची वेळ होती. त्यांनी डबा उघडला आणि न खाता बंद केला.

मी कवच नसलेल्या रोटिफरांसाठी नवा रकाना आखला आणि सगळ्या बाटल्या जिवंत मोजल्या. दहातले नऊ जीव त्या रकान्यात जात होते. पाणपिसवांचं प्रमाण बरं वाटत होतं, कारण ज्यांनी त्यांची जागा घेतली त्यांना आम्ही माती समजून वगळत होतो. केंद्र रोज चालत नव्हतं, एवढं त्या शेजाऱ्यांनी सांगून टाकलं.

साहेब वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम सांगते. माझी रजा त्यांनीच वाढवून दिली होती. त्यांनी कागद वाचला, मागे टेकले.

“मॅडम, तुम्ही पद्धत मोडलीत.”

“हो. चुकून.”

“मग चुकून आलेल्या आकड्यांवर मी वस्तीचं पाणी अडवू?”

“चुकून आले, पण चुकीचे नाहीत. तुम्ही स्वतः बघा, मायक्रोस्कोप लावूनच ठेवलाय.”

त्यांनी बघितलं नाही. “पद्धत बदलली तर आधीचे सगळे अहवाल उघडावे लागतील. दरवाजा बंद व्हायच्या आधीचेसुद्धा. तेव्हाही गाळ होताच ना? तेव्हाही आपण पाणी चांगलंच म्हणत होतो. कळतंय का, मी काय म्हणतोय?”

मला कळत होतं. पोटं बिघडायच्या आधीच्या महिन्यात आमच्या कागदावर पाणी उत्तम होतं.

“या वेळी नेहमीच्या पद्धतीनं द्या,” ते समजुतीनं म्हणाले. “पुढच्या वर्षी बदलाचा प्रस्ताव टाकू. तुम्ही लहान मुलाची आई आहात, काळजी वाटणारच. माझी बायकोही दोन वर्षं अशीच होती. प्रत्येक गोष्टीत जंतू दिसायचे.”

“मला मायक्रोस्कोपमधून दिसतात, साहेब.”

“सही करायची नसेल तर करू नका. मी करीन.”

“मग माझं नाव मोजणाऱ्याच्या जागी नको. आणि माझे आकडे मी मागणाऱ्याला दाखवीन.”

“ही धमकी आहे?”

“नाही. आधी सांगून ठेवतेय.”

मी टेबलावरचा माझा कागद उचलला आणि बाहेर आले.

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा नवरा भांडी विसळत होता, टबात जेमतेम पाणी घेऊन. तो म्हणाला, “नोकरी जाईल का?” मी म्हणाले, “जाऊ शकते.” त्यानं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाला, “बरं.” त्याचा ‘बरं’ मला अजून नीट वाचता येत नाही.

सासूबाईंचं मात्र नीट वाचता येतं. त्या रोज टँकरच्या रांगेत उभ्या राहतात, कारण आम्ही दोघं कामावर. कंबर धरूनच घरात येतात.

“दरवाजा उघडणार म्हणून सगळी वस्ती वाट बघतेय,” त्या म्हणाल्या. “आणि नेमकी माझ्या घरातली सून आडवी येणार.”

“आई, पाणी घाण आहे.”

“आम्ही गाळून, उकळून पिऊ. तू तरी दुसरं काय करतेस?”

“सगळे नाही उकळत. आणि तलावात औषध किती टाकायचं ते आमच्या अहवालावरून ठरतं. अहवाल चांगला गेला की औषध कमी.”

“तुझे ते किडे माझी कंबर शेकून देणार आहेत का?”

मी बादल्या आत घेतल्या. ठमी त्यांच्या साडीला धरून उभी होती आणि ओला हात तोंडात घालत होती. सासूबाईंनी तिचा हात तोंडातून काढला, पदरानं पुसला, तिनं परत घातला, त्यांनी परत काढला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मागे पाणी बिघडलं तेव्हा समोरच्यांचा धाकटा महिनाभर दवाखान्यात होता.” त्या संध्याकाळी किड्यांचा विषय परत निघाला नाही.

साहेबांच्या सहीनं अहवाल गेला. दरवाजा उघडायचा दिवस ठरला.

माझ्याकडे स्वतःचा एक मायक्रोस्कोप आहे. कॉलेजनं जुनं सामान काढलं तेव्हा घेतलेला, बिनविजेचा, खाली आरसा असलेला. उन्हात आरसा धरला की चालतो. त्या सकाळी मी दलदलीतून ताजं पाणी भरून आणलं आणि मायक्रोस्कोप ठमीच्या बाबागाडीत बसवून पट्ट्यांनी बांधला. ठमी बापाच्या खांद्यावर. नवऱ्यानं विचारलं, “हे कायदेशीर आहे ना?” मी म्हणाले, “बाबागाडी ढकलणं? आहे.” सासूबाई बादली न घेता निघाल्या. कुठे, ते मी विचारलं नाही. आमच्या पुढे दहा पावलं चालत होत्या, जणू आमच्याशी संबंध नाही.

कालव्याच्या कठड्यापाशी गर्दी होती. पाणीपुरवठ्याच्या अधिकारीणबाई, साहेब, काकू, वस्तीतले लोक आणि चाकवाला. दरवाज्याचं मोठं लोखंडी चाक फिरवणारा माणूस तो, वस्तीतलाच, त्याला सगळे चाकवालाच म्हणतात. मी कठड्यावर मायक्रोस्कोप ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला, थेंब घेतला.

“दरवाजा उघडायच्या आधी ज्याला बघायचं त्यानं बघून घ्या,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणायचं होतं, आवाज चिरका निघाला. “आपल्या नळाला येणारं पाणी आहे.”

कुणी हललं नाही. मग मागून एकजण म्हणाला, “टँकरवाल्यांनी पाठवलंय का बाईला?” लोक हसले.

“मला पाठवलेलं नाही,” मी म्हणाले. “मी रांगेत तुमच्याच मागे असते. माझी सासू असते.”

“सासू इथेच आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि पुढे येऊन मायक्रोस्कोपवर वाकल्या. “काही दिसत नाही. सगळं काळं.”

“एक डोळा मिटा, आई.”

“मिटलाय की. अगं बाई.” त्या बराच वेळ वाकून राहिल्या. ती कंबर, आणि त्या वाकून राहिल्या. “किती वळवळतंय. हे सगळं एका थेंबात?”

“एका थेंबात. हे चावत नाहीत, काही करत नाहीत. पण हे जंतू खाऊन जगतात. एवढ्या जणांचं पोट भरायला पाण्यात जंतू किती लागत असतील, ते बघा.”

समोरच्या घरची बाई पुढे आली, जिचा धाकटा दवाखान्यात होता ती. मग तिचा नवरा. मग रांगच लागली, टँकरला लागते तशी, ढकलाढकलीसकट. “माझा नंबर होता.” “अहो, किती वेळ बघताय, सिनेमा आहे का?” “तो एक बघ, आपल्या मेव्हण्यासारखा, नुसता खातोय.” मघाशी टँकरवाल्यांचं नाव काढणारा दोनदा बघून गेला.

साहेब पुढे झाले. “हे अधिकृत नाही. नमुना पद्धतशीर घेतलेला नाही. मॅडमवर कारवाई होऊ शकते, त्यांनाही कल्पना आहे.”

“आहे,” मी म्हणाले. “करा. पण आधी दलदलीत जाऊन तुमच्या हातानं बाटली भरून आणा. जागा तुम्ही ठरवा. फक्त मारू नका त्यांना.”

अधिकारीणबाई काकूंकडे वळल्या. “मोजणी इतकी वर्षं तुम्ही बघताय ना? अहवालात ज्याला गाळ म्हटलंय, तो हा?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांकडेही नाही. “हाच,” त्या म्हणाल्या. “मीच म्हणायला शिकवलं. पण मी कधी जिवंत बघितला नव्हता.” आणि लगेच माझ्यावर खेकसल्या, “आरसा नीट धर, ऊन सरकलंय.”

अधिकारीणबाईंनी घड्याळ बघितलं, वरच्या शहराच्या दिशेला बघितलं. वरून दडपण असणार, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. “आदेश आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “चाक फिरवा. बाकीचं नंतर बघू.”

चाकवाला आतापर्यंत रांगेत होता आणि नुकताच बघून उठला होता. तो चाकापाशी गेला, दोन्ही हात ठेवले, परत काढले.

“मनगटात लचक भरलीय, मॅडम,” तो म्हणाला.

“आत्ता?”

“आत्ताच. बघायला वाकलो ना, तेव्हा.”

“मग दुसऱ्या कुणाला सांगा.”

त्यानं गर्दीकडे बघितलं. “कुणी येतंय का रे चाक फिरवायला?” कुणी पुढे आलं नाही. समोरच्या घरची बाई तर चाकाच्या पुढ्यात मांडी घालून बसली, भाजी निवडायला बसल्यासारखी निवांत. तिच्या शेजारी आणखी दोघी बसल्या. सासूबाई उभ्याच राहिल्या, खाली बसलं तर उठता येत नाही म्हणून, पण चाकाला धरून उभ्या राहिल्या.

“टँकर वाढवून द्या,” त्या अधिकारीणबाईंना म्हणाल्या. “दोन वर्षं काढली, आणखी काढू. माझी सून भित्री आहे, मला माहीत आहे, मीच रोज बोलते तिला. पण उगाच भीत नाही.”

अधिकारीणबाईंनी फोन केला, लांब जाऊन बोलल्या, परत आल्या. आज दरवाजा उघडणार नाही. नमुने नव्यानं घेतले जातील, जिवंत मोजले जातील, केंद्राच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एवढं त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाणी तर आजही टँकरचंच होतं, आणि टँकर यायची वेळ झाली होती. लोक भराभर पांगले.

साहेब राहिले. माझ्यावर खुलाशाचं पत्र येईल असं म्हणाले. मी म्हणाले, येऊ दे, उत्तर देईन. नोकरीचं काय होईल ते मला तेव्हा माहीत नव्हतं. जागचं हलायचं नाही, एवढं मात्र ठरलं होतं.

“जिवंत नमुने आणायचे तर बर्फ लागेल, वेळेत पोचावं लागेल, त्याच दिवशी मोजून व्हायला हवेत,” ते म्हणाले. “एवढी माणसं कुठून आणू?”

“इथे एक आहे. काकू आहेत.”

“मी म्हातारी झालेय,” काकू म्हणाल्या, पण बाटलीचं झाकण लावायला त्यांनीच घेतलं.

साहेब कठड्यापाशी उभे होते. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले. फिरकी स्वतःच फिरवली, आधी उलटी, मग सुलटी. मी ऊन धरून उभी राहिले. ते उठेनात.

“किती असतील?” त्यांनी वाकूनच विचारलं.

मी पर्समधून मोजणीचं यंत्र काढून त्यांच्या हातात दिलं.

“मोजा,” मी म्हणाले.